कॅनडा नावाची गोष्ट

राष्ट्रांनाही माणसांप्रमाणे स्वतःविषयी प्रश्न पडतात. 'आम्ही कोण?' हा त्यांपैकी सर्वांत जुना आणि सर्वांत अवघड प्रश्न होय. काही राष्ट्रांपाशी त्याचे उत्तर तयार असते. कुणी आपल्या राज्यक्रांतीकडे बोट दाखवते, कुणी भाषेकडे, तर कुणी शेकडो वर्षांच्या राजघराण्याकडे. कॅनडा ह्या देशाची मात्र ह्या बाबतीत नेहमीच पंचाईत होत आली आहे. क्षेत्रफळाने हा देश भारताच्या तिप्पट, जगात दुसऱ्या क्रमांकाचा. लोकसंख्येने मात्र २०२३ च्या जून महिन्यात त्याने चार कोटींचा टप्पा ओलांडला. म्हणजे २०११ च्या जनगणनेतील आपल्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडीच अधिक माणसे त्या अफाट भूमीवर राहतात. त्यांतील बहुसंख्य दक्षिण सीमेच्या आसपास, आणि त्या सीमेपलीकडे अमेरिकेसारखा बलाढ्य व बोलका शेजारी. त्याच्या आवाजात आपला आवाज कुणाला ऐकू तरी जातो का, अशी शंका कॅनडाच्या लोकांना वाटली तर नवल नाही.

इतिहासानेही त्यांना झटपट उत्तर दिलेले नाही. १८६७ साली ब्रिटिश पार्लमेंटने केलेल्या एका कायद्याने हा देश अस्तित्वात आला. लाल मेपल पानाचा स्वतःचा ध्वज प्रथम फडकला तो १५ फेब्रुवारी १९६५ रोजी. आपल्या राज्यघटनेत लंडनला न विचारता बदल करण्याचा पूर्ण अधिकार त्यांना १९८२ मध्ये मिळाला. इंग्रजी आणि फ्रेंच ह्या दोन्ही भाषांना १९६९ मध्ये समान राजभाषांचा दर्जा देण्यात आला आणि १९७१ मध्ये बहुसांस्कृतिकता हे सरकारी धोरण म्हणून जाहीर झाले. एक भाषा, एक वंश, एक गौरवशाली लढा असे काहीच हाती नसलेल्या ह्या देशाने 'आम्ही कोण?' ह्या प्रश्नाचे उत्तर शोधावे तरी कुठे?

१९७० च्या दशकाच्या आरंभी कॅनडाच्या सरकारी नभोवाणीवर, म्हणजे सीबीसीवर, एका निवेदकाने श्रोत्यांसाठी एक गमतीची स्पर्धा ठेवली होती. अमेरिकेत एखाद्या गोष्टीचे अस्सलपण सांगायचे झाले तर 'ॲपल पायइतकी अमेरिकन' असे म्हणण्याचा प्रघात आहे. त्याच धर्तीवर 'अमुक इतके कॅनेडियन' हे वाक्य पूर्ण करून पाठवा, असे आवाहन होते. बीव्हर प्राणी, बर्फ, हॉकी अशा उपमांची अपेक्षा कुणीही केली असती. बक्षीस मिळाले ते सतरा वर्षांच्या एका मुलीला. तिने लिहिले होते : 'परिस्थितीत जितके शक्य आहे तितके कॅनेडियन.' सारा देश ह्या उत्तरावर हसला आणि आजही ते तेथे आवर्जून सांगितले जाते. ह्या विनोदात एक नम्र शहाणपण आहे. त्या मुलीने व्याख्या करण्याचे नाकारले आणि तसे करताना आपल्या लोकांचा स्वभाव अचूक सांगितला.

ही स्पर्धा घेणारे निवेदक पीटर झॉस्की हे मूळचे पत्रकार. त्यांचे खापरपणजोबा सर कॅसिमिर झॉस्की हे पोलंडहून आलेले अभियंते होते. पीटर अठ्ठाविसाव्या वर्षी देशातील एका प्रमुख नियतकालिकाचे व्यवस्थापकीय संपादक झाले आणि पुढे नभोवाणीकडे वळले. १९८२ ते १९९७ ह्या पंधरा वर्षांत 'मॉर्निंगसाइड' हा त्यांचा तीन तासांचा कार्यक्रम सोमवार ते शुक्रवार दररोज सकाळी प्रसारित होत असे. पंतप्रधान, कादंबरीकार, शेतकरी, कोळी, लोणच्याची पाककृती सांगणारी गृहिणी असे सगळेच त्यांच्यासमोर येऊन बसले. त्यांचे बोलणे सफाईदार नव्हते. ते अडखळत, वाक्य अर्ध्यावर सोडत, आणि त्या अडखळण्यामुळेच समोरचा माणूस मोकळा होत असे. श्रोत्यांची पत्रे ते कार्यक्रमात वाचून दाखवीत. त्या पत्रांची पुस्तके निघाली. ३० मे १९९७ रोजी शेवटचा कार्यक्रम त्यांनी कुठून केला? टोरांटोच्या भव्य स्टुडिओतून नव्हे, सस्कॅचवान प्रांतातील मूस जॉ ह्या आडगावातून. २४ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

वाचकहो, नभोवाणीला त्या देशात काय महत्त्व आहे हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढची हकीकत नीट कळायची नाही. सीबीसीची स्थापना १९३६ सालची. कॅनडात सहा वेगवेगळ्या घड्याळी वेळा आहेत. त्यांतील न्यूफाउंडलंडची वेळ तर शेजारच्या प्रांतापेक्षा अर्ध्या तासाने पुढे, आणि म्हणून 'न्यूफाउंडलंडमध्ये अर्ध्या तासाने' हे शब्द कार्यक्रमांच्या घोषणेत इतकी वर्षे ऐकू आले की त्यांची म्हणच झाली. पूर्वेच्या कोळ्याला पश्चिमेचा फळबागवाला जन्मात कधी भेटण्याची शक्यता नाही. दोघांच्या स्वयंपाकघरांत एकच आवाज पोहोचतो, तेवढाच काय तो त्यांचा शेजार. लोहमार्गाने देशाची दोन टोके १८८५ मध्ये जोडली. माणसे जोडण्याचे काम पुढे ह्या आवाजाने केले.

झॉस्की ह्यांच्या ह्याच कार्यक्रमातून एक दुसरा पत्रकार नावारूपाला आला. त्याचे नाव स्टुअर्ट मॅक्लेन. आज मला वाचकांना मुख्यतः त्यांच्याविषयी सांगावयाचे आहे.

मॅक्लेन ह्यांचा जन्म १९ एप्रिल १९४८ रोजी माँट्रियल येथे झाला. त्यांचे आईवडील ऑस्ट्रेलियातून आलेले. म्हणजे कॅनडाच्या अंतरंगाचा कथाकार म्हणून ज्याला पुढे लोकांनी डोक्यावर घेतले, तोही परदेशातून आलेल्यांचाच मुलगा. पत्रकार म्हणून त्यांनी पहिली मोठी कीर्ती मिळवली ती एका भीषण विषयावर. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानातील जोन्सटाउन येथे एका पंथाच्या नऊशेहून अधिक अनुयायांचा अंत झाला. त्या घटनेवरील सीबीसीच्या माहितीपटासाठी मॅक्लेन पारितोषिकाचे मानकरी ठरले. जगाला हादरवणाऱ्या बातमीच्या मागे आयुष्यभर धावत राहण्याचा मार्ग त्यांना खुला होता. त्यांनी लहान गोष्टींचा मार्ग पत्करला. 'मॉर्निंगसाइड'मध्ये ते झॉस्कींसमोर बसून अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या विषयांवर बोलू लागले. एकदा तर त्यांनी चक्क एक रातकिडा स्टुडिओत आणला. त्या रातकिड्यावरून दोघांना असे हसू लोटले की थेट प्रक्षेपणात बोलणे अशक्य झाले. तो प्रसंग जुने श्रोते अजून विसरलेले नाहीत.

हसणे पुष्कळांना जमते. पायपीट करणे थोड्यांना. १९९२ साली मॅक्लेन ह्यांचे 'वेलकम होम' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. राजधानी आणि महानगरे बाजूला ठेवून सात लहान गावांत ते जाऊन राहिले होते. सस्कॅचवानमधील गुराख्यांचे मेपल क्रीक, ओंटारिओतील ड्रेस्डन, क्वेबेकमधील सँ-झाँ-द-माता, न्यू ब्रुन्सविकमधील सॅकव्हिल, मॅनिटोबातील फॉक्सवॉरन, ब्रिटिश कोलंबियातील फळबागांचे नारामाटा आणि न्यूफाउंडलंडचे फेरीलँड. गावांची नुसती यादी पाहिली तरी त्यांची नजर कशी होती ते कळते. सँ-झाँ-द-माता हे नाव बंदिवानांना सोडवण्यासाठी ट्रिनिटेरियन संघ स्थापन करणाऱ्या संत जॉन ऑफ माथा ह्यांचे. आणि गावाचा अभिमान कोण, तर लुई सीर हा जगप्रसिद्ध शक्तिमान पहिलवान. फेरीलँडला १६२१ साली जॉर्ज कॅल्व्हर्ट ह्यांनी वसाहत उभारण्यास प्रारंभ केला. हे कॅल्व्हर्ट पुढे कॅथलिक झाले आणि लॉर्ड बाल्टिमोर ह्या नावाने इतिहासात ओळखले गेले.

ड्रेस्डनविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. अमेरिकेतील गुलामगिरीतून निसटून आलेल्या कृष्णवर्णीयांनी एकोणिसाव्या शतकात ह्या परिसरात आश्रय घेतला. मुक्तीचे गाव म्हणून त्याची ख्याती. परंतु त्याच गावातील उपाहारगृहांत दुसऱ्या महायुद्धानंतरही कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना जेवण नाकारले जात असे. ही प्रथा बंद करावी काय, ह्यावर १९४९ साली गावात मतदान घेण्यात आले, आणि प्रचंड बहुमताने लोकांनी 'नको' म्हटले. ह्यू बर्नेट नावाच्या स्थानिक सुताराने व त्याच्या सहकाऱ्यांनी लढा चालू ठेवला. १९५४ साली ओंटारिओ प्रांतात अशा भेदभावाला बंदी करणारा कायदा झाला. देशाची ओळख शोधायला निघालेल्याला लहान गावात केवळ गोडवाच सापडेल, हा समज ड्रेस्डनसारखे गाव पुसून टाकते.

१९९४ च्या उन्हाळ्यात सीबीसीवर मॅक्लेन ह्यांचा 'व्हिनाइल कॅफे' सुरू झाला. व्हिनाइल म्हणजे ज्यापासून ग्रामोफोनच्या तबकड्या बनतात तो पदार्थ. कार्यक्रमात थोडे संगीत आणि एक गोष्ट. गोष्टीचा नायक डेव्ह. टोरांटोत त्याचे जुन्या तबकड्यांचे छोटेसे दुकान, आणि त्या दुकानाचे ब्रीद असे की ते मोठे नसले तरी लहान निश्चित आहे. पत्नी मॉर्ली, मुलगी स्टेफनी, मुलगा सॅम, आर्थर नावाचा कुत्रा. शेजारी युजीन हा इटलीहून आलेला वृद्ध. जवळच केनी वाँग ह्या चिनी वंशाच्या मित्राचे उपाहारगृह, आणि त्याच्या पाटीवर काय, तर 'वाँग्स स्कॉटिश मीट पाय'! स्कॉटलंडचा पदार्थ चिनी नावाने कॅनडाच्या रस्त्यावर विकला जातो आणि त्यात कुणालाही काही वावगे वाटत नाही. बहुसांस्कृतिकतेवर लिहिलेले कित्येक प्रबंध ह्या एका पाटीपुढे फिके पडावेत.

डेव्ह काही पराक्रम करीत नाही. तो फजीत होतो. नाताळची टर्की शिजवण्याची जबाबदारी पत्नीने त्याच्यावर सोपवलेली असते आणि टर्की विकत आणायलाच तो विसरतो. मध्यरात्री मिळालेला गोठलेला, कळाहीन पक्षी घेऊन तो जे उपद्व्याप करतो, ती गोष्ट कॅनडातील असंख्य घरांत नाताळचा भाग होऊन बसली. आपल्याकडे नाताळ म्हटला की करंज्यांबरोबर ठरलेली काही गीते येतात. तिकडे ही गोष्ट येते.

पण हा काळ कोणता होता हेही पाहिले पाहिजे. ३० ऑक्टोबर १९९५ रोजी क्वेबेक प्रांतात सार्वमत घेण्यात आले. प्रश्न होता कॅनडापासून वेगळे होण्याचा. शेकडा ५०.५८ विरुद्ध ४९.४२ इतक्या निसटत्या फरकाने देश एकसंध राहिला. घटनातज्ज्ञांच्या वाटाघाटी फसल्या होत्या, पुढाऱ्यांची भाषणे संपली होती. अशा वेळी माँट्रियलमध्ये जन्मलेला एक माणूस नभोवाणीवर गोठलेल्या टर्कीची गोष्ट सांगत होता. ह्याने राष्ट्र वाचले असे म्हणणे हास्यास्पद होईल. मात्र एकत्र हसणाऱ्यांना परस्परांचा द्वेष करणे थोडे कठीण जाते, हे कोणताही कुटुंबवत्सल वाचक मान्य करील.

हा आवाज मी स्वतः ऐकला तो २०१३ च्या ऑक्टोबरात. माझी धाकटी बहीण टोरांटोलगतच्या मिसिसागा शहरात राहते. तिच्याकडे मी तीन आठवड्यांसाठी गेलो होतो. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही गाडीने परतत होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेपलची झाडे लालभडक झाली होती. बारा वाजता मेव्हण्यांनी रेडिओ लावला. मंद, किंचित खरखरीत आवाज. दोन वाक्यांमध्ये भरपूर मोकळी जागा. घर आले, गाडी दारात थांबली, इंजिन बंद झाले, पण कुणी उतरेना. मी दाराकडे हात नेला तेव्हा भाची मागून म्हणाली, "फादरमामा, थांबा ना, गोष्ट संपू दे!" मग आम्ही पाचही जण घराच्या दारात, बंद गाडीत, डेव्हच्या कसल्याशा फजितीवर हसत बसलो. मला निम्मेच संदर्भ कळत होते. नंतर जेवताना मेव्हणे म्हणाले, "फादर, इंग्रजी मी वसईहूनच घेऊन आलो होतो. पण इथले लोक कशाला हसतात ते मला कळत नसे. कारखान्यात सगळे हसायचे आणि मी नुसता बघत राहायचो. ते हसणे मला ह्या माणसाने शिकवले."

ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. नागरिकत्वाचा दाखला सरकार देते. घरोबा मात्र कुणीतरी गोष्ट सांगून द्यावा लागतो.

मॅक्लेन केवळ स्टुडिओत बसून राहिले नाहीत. 'व्हिनाइल कॅफे'चे प्रयोग घेऊन ते वर्षानुवर्षे देशभर हिंडले. लहानमोठ्या गावांच्या नाट्यगृहांत श्रोत्यांसमोर उभे राहून ते गोष्ट वाचत. उंच, सडपातळ देहयष्टी, हातात कागद, आणि विरामांवर विलक्षण ताबा. प्रवचन करणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांच्यापासून शिकण्यासारखी एक गोष्ट म्हणजे त्यांचा आरंभ. ज्या गावात प्रयोग असे, त्या गावाविषयी ते प्रथम बोलत. तेथली नदी, तेथला एखादा विसरलेला माणूस, तेथल्या लोकांना ज्याचा छुपा अभिमान आहे असा पदार्थ. पत्रकाराच्या चिकाटीने हे सारे त्यांनी गोळा केलेले असे. सभागृहातील लोकांना वाटे, हा आमच्या गावात आला आणि त्याने आम्हांला पाहिले. मग तेच ध्वनिमुद्रण नभोवाणीवरून प्रसारित होई आणि एका गावाची गोष्ट शेकडो गावांची होई. माणसाला आपण कुणीतरी आहोत ही जाणीव बहुधा अशीच होते : कुणीतरी आपल्याकडे नीट पाहिले आणि जे पाहिले ते इतरांना सांगितले.

सांगण्याइतकेच त्यांना ऐकण्याचेही महत्त्व वाटे. श्रोत्यांनी आपल्या आयुष्यातील खऱ्या, छोट्या घटना लिहून पाठवाव्यात आणि त्या कार्यक्रमात वाचल्या जाव्यात, असा उपक्रम त्यांनी चालवला. २०१३ मध्ये त्या कथांचे पुस्तकही निघाले. डेव्हच्या कुत्र्याच्या नावाने 'आर्थर' पुरस्कार दिले जात, तेही सामान्य माणसांच्या सामान्य चांगुलपणासाठी. स्वतः मॅक्लेन ह्यांना विनोदी लेखनासाठीचे लीकॉक पदक तीनदा मिळाले, २०११ मध्ये 'ऑर्डर ऑफ कॅनडा'चा सन्मान मिळाला. २०१५ च्या अखेरीस त्यांनी आपल्याला कर्करोग झाल्याचे श्रोत्यांना सांगितले. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी ते गेले. तो दिवस कॅनडात ध्वजदिन म्हणून पाळला जातो.

येथवर ही हकीकत गोड आहे. येथेच लेखणी ठेवली असती तर वाचकांना बरे वाटले असते. परंतु ते सत्याला धरून झाले नसते.

मॅक्लेन ह्यांच्या कथा फार हळव्या, फार गतकालविव्हल आहेत, अशी टीका त्यांच्या हयातीतही काही समीक्षक करीत. त्या वादात मी शिरत नाही. मात्र एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. मॅक्लेन २००४ पर्यंत टोरांटोच्या रायर्सन विद्यापीठात पत्रकारिता शिकवीत होते. त्या नावाचे विद्यापीठ आज अस्तित्वात नाही. २०२२ मध्ये त्याचे नाव बदलून टोरांटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठ असे ठेवण्यात आले. एगर्टन रायर्सन हे एकोणिसाव्या शतकातील मोठे शिक्षणतज्ज्ञ. पण मूलनिवासी मुलांसाठी वेगळ्या निवासी शाळा असाव्यात, अशी शिफारस त्यांनी १८४७ साली सरकारला लिहून दिली होती, आणि त्या विचारातून पुढे जे घडले त्याचा हिशेब कॅनडा आज मांडीत आहे.

काय घडले? दीड लाखाहून अधिक मूलनिवासी मुलांना आईबापांपासून दूर नेऊन निवासी शाळांत ठेवण्यात आले. त्यांचे केस कापले गेले, मातृभाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा झाल्या. अनेकांवर अत्याचार झाले. हजारो मुले घरी परतलीच नाहीत. ह्या शाळांपैकी शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद पडल्या. शाळा सरकारच्या होत्या, चालवीत होत्या ख्रिस्ती संस्था, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या संघांकडे होत्या. कॅथलिक धर्मगुरूला हे वाक्य लिहिणे सोपे नाही. तरीही कुटुंबांनी वाचावयाच्या नियतकालिकात ते लिहिलेच पाहिजे, कारण इतकी वर्षे कुटुंबांपासूनच ते दडवले गेले.

ह्या दडवलेल्या गोष्टीला वाचा कशी फुटली? तीही एका पत्रकारासमोर. १९९० च्या ऑक्टोबर अखेरीस मॅनिटोबातील मूलनिवासींचे नेते फिल फोंटेन सीबीसी दूरचित्रवाणीवर बार्बरा फ्रम ह्या मुलाखतकार बाईंसमोर बसले आणि फोर्ट अलेक्झांडरच्या निवासी शाळेत लहानपणी आपल्यावर व आपल्या सोबत्यांवर जे अत्याचार झाले त्याविषयी बोलले. ती शाळा ऑब्लेट धर्मसंघ चालवीत असे. एका माणसाने आपली गोष्ट सांगितली, दुसरीने मध्ये न येता ती ऐकली. मग इतरांना धीर आला. २००८ च्या जूनमध्ये पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली. त्याच वर्षी सत्य व सलोखा आयोग स्थापन झाला. न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर हे स्वतः मूलनिवासी समाजातले. त्यांच्या अध्यक्षतेखाली ह्या आयोगाने देशभर फिरून साडेसहा हजारांहून अधिक माणसांच्या साक्षी ऐकल्या आणि २०१५ मध्ये आपला अंतिम अहवाल दिला. मॅक्लेन ज्या तऱ्हेच्या गावांतून हसवीत हिंडले, तशाच गावांतून आयोगाने ऐकत प्रवास केला. दोन्ही प्रवासांनंतरच कॅनडाची गोष्ट पुरी होण्याच्या वाटेला लागली.

आयोगाने ९४ मागण्या केल्या. त्यांतील ५८ वी अशी होती की पोप महोदयांनी कॅनडाच्या भूमीवर येऊन क्षमा मागावी. २५ जुलै २०२२ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस अल्बर्टा प्रांतातील मॅस्क्वासिस येथे, एका जुन्या निवासी शाळेच्या परिसरात, चाकाच्या खुर्चीवरून आले आणि त्यांनी क्षमा मागितली. ती पुरेशी होती किंवा नाही, ह्याबद्दल तेथील लोकांत मतभेद आहेत, आणि तो निवाडा करण्याचा अधिकार त्यांचाच आहे. मला भावले ते एवढेच की आधी त्यांनी ऐकले. त्याच वर्षी वसंतात फोंटेन आणि इतर प्रतिनिधी रोमला जाऊन त्यांना आपल्या कथा सांगून आले होते.

'माझा शेजारी कोण?' असे एका शास्त्र्याने विचारले तेव्हा प्रभू येशूने व्याख्या दिली नाही, एका प्रवाशाची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत जखमी माणसाला बघून पुढे निघून जाणाऱ्यांत एक याजकही होता, हे आपण याजकांनी विसरू नये.

आता आयोगाची शेवटची, ९४ वी मागणी. ती नव्याने नागरिक होणाऱ्यांच्या शपथेविषयी होती, आणि म्हणून वाचकहो, ती तुमच्या-माझ्या घरापर्यंत येते. २१ जून २०२१ रोजी कॅनडाने कायदा करून ती शपथ बदलली. आता वसईहून, वांद्र्याहून, गोव्याहून गेलेला आपला मुलगा किंवा सून तेथे नागरिकत्वाची शपथ घेते, तेव्हा तेथील मूळ रहिवाशांचे हक्क व त्यांच्याशी झालेले करार मान्य करणाऱ्या घटनेचे पालन करण्याचे वचन देते. म्हणजे आपण त्या देशाचे केवळ पगार आणि पेन्शन घेत नाही. त्याची गोष्टही घेतो, तिच्यातील दुःखासकट. डेव्हच्या टर्कीवर हसणे आणि फोर्ट अलेक्झांडरच्या मुलांसाठी मान खाली घालणे, दोन्ही त्या शपथेत आले.

आपल्या कित्येक कुटुंबांच्या पत्रांवर, पार्सलांवर, लग्नपत्रिकांवर 'मिसिसागा' हा शब्द असतो. ते एका मूलनिवासी जमातीचे नाव आहे. क्रेडिट नदीच्या काठी ह्या लोकांची वस्ती होती. तरुण एगर्टन रायर्सन १८२६ साली मिशनरी म्हणून ह्याच वस्तीत राहिले आणि त्यांची भाषा शिकले. ज्याने ती भाषा शिकून घेतली, त्यानेच पुढे ती शिफारस लिहिली. १८४७ मध्ये, म्हणजे शिफारशीच्याच वर्षी, आपल्या जमिनी हातच्या गेलेले ते लोक नदीकाठ सोडून दूर निघून गेले. जमात आजही आहे. शहरही आहे, आणि त्यात आपली माणसे आहेत.

माझ्या भाचीला आता दोन मुले आहेत. त्यांना ती आजीकडून ऐकलेल्या कादोडीतल्या गोष्टी सांगते, आणि नाताळात टर्कीची गोष्ट लावते. गेल्या पत्रात मी तिला लिहिले की तुमच्या शहराला ज्यांचे नाव आहे, त्यांच्यापैकी कुणी आपली गोष्ट सांगणार असेल तेथे मुलांना एकदा घेऊन जा, आणि मुले कंटाळली तर म्हण, थांबा ना, गोष्ट संपू दे.